पक्षाघातानंतर तोल सावरणे आणि पडणे टाळणे: रुग्ण व घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पक्षाघाताच्या झटक्यानंतर रुग्ण घरी परततो तेव्हा हात कधी उचलला जाईल आणि बोलणे कधी स्पष्ट होईल याचीच चिंता सर्वांना लागलेली असते. तोलाच्या प्रश्नाकडे मात्र बहुतेक घरांत पहिल्यांदा पडल्यानंतरच लक्ष जाते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही महिने या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात, कारण रुग्णालयातील पलंगाचे कठडे आणि हाकेच्या अंतरावरील परिचारिका आता नसतात आणि रुग्णाला स्वतःहून उठण्या-चालण्याची ओढ लागलेली असते. पडणे अचानक घडल्यासारखे वाटले, तरी नीट पाहिल्यास बहुतेक वेळा त्यामागे ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि ठरावीक हालचाल सापडते. ती हालचाल ओळखणे आणि तिचाच सराव करणे हाच या प्रश्नावरचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि पुढील मजकूर याच दिशेने मांडला आहे.

तोल नेमका कुठे बिघडला आहे?

आपण उभे असताना मेंदूला तीन ठिकाणांहून सतत माहिती मिळत असते: डोळ्यांकडून, कानाच्या आतील भागातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून आणि तळपाय, घोटे व इतर सांधे यांच्या संवेदनेतून. मेंदू या माहितीचा मेळ घालतो आणि पाय व धडाच्या स्नायूंना क्षणोक्षणी सूचना देतो. पक्षाघाताने या साखळीतील कोणतीही कडी तुटू शकते, त्यामुळे ‘तोल जातो’ ही तक्रार एकच असली तरी तिची कारणे माणसागणिक वेगळी असतात.

एका बाजूचे स्नायू कमकुवत झाले असतील तर रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर घेतो. घोटा वर उचलला जात नसेल तर चवडा जमिनीला घासतो आणि सतरंजीच्या कडेलाही अडखळायला होते. तळपायाची जाणीव गेली असेल तर अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण तोवर डोळे ती उणीव भरून काढत असतात. लहान मेंदूला इजा झाली असेल तर ताकद चांगली असूनही पाय फाकवून, डुलत चालावे लागते. दृष्टीचा अर्धा भाग गेला असेल तर त्या बाजूची माणसे आणि दाराची चौकट दिसतच नाही.

दोन प्रकार घरच्यांना समजण्यास विशेष कठीण जातात. पहिला म्हणजे एका बाजूकडे होणारे दुर्लक्ष. हे प्रामुख्याने मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर दिसते. डोळे शाबूत असूनही रुग्णाच्या लेखी डावी बाजू जणू अस्तित्वातच नसते. डावा हात खुर्चीत अडकलेला असतो, तरी तो उठू पाहतो. अशा रुग्णाला अनेकदा आपली अडचण जाणवतच नाही, म्हणून ‘मला जमेल’ या त्याच्या शब्दावर पूर्ण विसंबू नये. दुसऱ्या प्रकारात रुग्ण चांगल्या हाता-पायाने स्वतःला अधू बाजूकडे ढकलत राहतो, कारण सरळ म्हणजे काय याची त्याच्या शरीराची जाणीवच कललेली असते. त्याला ओढून सरळ करू गेल्यास तो अधिकच जोराने विरोध करतो. हा हट्ट नव्हे. ओढण्याऐवजी समोरच्या दाराच्या चौकटीसारखी उभी रेषा दाखवावी आणि ‘तुमचे शरीर या रेषेशी जुळवा’ असे सांगावे, म्हणजे चुकणाऱ्या जाणिवेला डोळ्यांची मदत मिळते.

डॉक्टरांकडून काय तपासून घ्यावे

सुरुवात रक्तदाबापासून करावी. पाच मिनिटे आडवे राहिल्यानंतरचा रक्तदाब आणि उभे राहिल्यानंतर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाचा रक्तदाब, अशा तीन नोंदी घ्याव्यात. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरत असेल तर डोळ्यांपुढे येणारी अंधारी आणि उठताक्षणी जाणारा तोल यांचे कारण तेच असण्याची दाट शक्यता असते. पाणी कमी पिणे, दीर्घकाळ अंथरुणात राहणे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा या तिन्हींचा यात वाटा असू शकतो.

त्यानंतर सर्व औषधांची यादी एकत्र पाहून घ्यावी. झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधे आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे यांनी गुंगी येऊन तोल बिघडू शकतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण रक्तदाबाचे किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध अचानक थांबवल्याने दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. दृष्टीची तपासणीही करून घ्यावी; दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून पाहण्याचा चष्मा लावून जिना उतरताना पायरीची कड धूसर दिसते. कूस बदलताच काही सेकंद गरगरत असेल तर ते कानाच्या साध्या विकारामुळेही असू शकते आणि त्यावर सोपा उपचार आहे. पक्षाघातानंतर अधू बाजूची हाडे हळूहळू ठिसूळ होत जातात आणि बहुधा त्याच बाजूवर पडायला होते, म्हणून हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासण्याविषयीही डॉक्टरांना विचारावे.

फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे रीतसर मोजमाप करून घेणे फार उपयोगी पडते. बर्ग चाचणीत १४ कृती करवून ५६ पैकी गुण दिले जातात. दुसऱ्या एका साध्या चाचणीत खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते पाहिले जाते. आकडा हातात असला की काही आठवड्यांनी खरोखर सुधारणा झाली की नाही हे कळते.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. तोल रोजच्यापेक्षा हळूहळू बिघडणे वेगळे आणि अचानक बिघडणे वेगळे. एकाएकी चालता न येणे, तीव्र चक्कर, एकाचे दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे, हात गळून पडणे किंवा बोलणे अडखळणे ही नव्या झटक्याची लक्षणे असू शकतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून ‘थोडे पडून राहू, बरे वाटेल’ असे म्हणत वेळ दवडू नये.

पडण्याची नोंद ठेवा

एक वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी पडल्यावर, तसेच पडता पडता सावरल्यावरही, पाच गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा, त्या क्षणी चाललेली हालचाल, कोणत्या बाजूला तोल गेला आणि पायात काय होते. सावरलेले प्रसंग लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण इजा न होता मिळालेली ती पूर्वसूचना असते.

दोन-तीन आठवड्यांत नोंदी बोलू लागतात. सरळ चालताना सहसा काही होत नाही आणि तोल जातो तो उठताना, वळताना, मागे सरकताना किंवा वाकून काही घेताना, हे अनेकांना तेव्हाच उमगते. पहाटे शौचालयाकडे घाईने जाताना दोनदा तोल गेला असेल तर इलाज पायांच्या व्यायामात नसून लघवीच्या वेळापत्रकात, पलंगाजवळच्या दिव्यात किंवा रात्री पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवण्यात आहे. दुपारनंतरच अडखळणे होत असेल तर थकवा हे कारण धरावे. पक्षाघातानंतरचा थकवा खरा असतो, आळस नसतो. कोणी हाक मारली आणि उत्तर देताना पाय अडखळला, असे दिसले तर चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकत्र करणे मेंदूला अजून जड जाते आहे, असे समजावे. तोवर बोलायचे असेल तर थांबून बोलावे, आणि घरच्यांनीही चालत्या रुग्णाला मागून हाक मारू नये.

उठणे, वळणे, बसणे

या तीन हालचाली दिवसातून अनेकदा होतात, म्हणून त्या सावकाश आणि जाणीवपूर्वक शिकाव्यात.

उठण्यासाठी आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे. दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अधू पाऊल पुढे राहून जाते. मग सारा भार चांगल्या पायावर येतो, शरीर त्या बाजूला फिरते आणि अधू पायाला काम करण्याची संधीच मिळत नाही. आता कंबरेतून पुढे झुकावे, इतके की नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल. पुढे पडू या भीतीने बरेच जण पाठ ताठ ठेवून उठू पाहतात आणि म्हणूनच धपकन मागे बसतात. उठताना सुरक्षितता पुढे झुकण्यात आहे. नितंब उचलले गेले की मग गुडघे व कंबर सरळ करावी. उभे राहिल्यावर लगेच पाऊल टाकू नये. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना ते पाहावे आणि मगच चालावे. अंथरुणातून उठताना याआधी आणखी एक टप्पा घालावा: पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे आणि घोटे वरखाली हलवावेत.

वळताना अधू पाय जमिनीवर रोवलेला ठेवून त्याच्यावर गर्रकन फिरणे ही पडण्याची मोठी वाट आहे. पाऊल तिथेच अडकते, गुडघ्याला पीळ बसतो आणि धड पुढे निघून जाते. त्याऐवजी थांबावे, ज्या दिशेला जायचे तिकडे आधी पाहावे आणि मग लहान लहान पावले टाकत, जागा असेल तर रुंद वळसा घेत वळावे. पाय एकमेकांवरून ओलांडू नयेत. बऱ्याच जणांना सुरुवातीला चांगल्या बाजूकडे वळणे सोपे जाते. सरावात मात्र दोन्ही दिशा असाव्यात, कारण शौचालय किंवा पलंग नेहमी सोयीच्या बाजूलाच असतो असे नाही.

बसण्याची घाई हीही घातक ठरते. खुर्ची दोन हातांवर दिसली की माणूस सुटकेच्या भावनेने अर्धवट वळूनच बसू पाहतो. दोन्ही पायांच्या मागच्या बाजूला खुर्चीची कड लागली, चांगला हात खुर्चीच्या हातावर टेकला, मगच पुढे झुकून सावकाश खाली यावे. चाकाची खुर्ची असेल तर आधी ब्रेक लावावा आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला घ्याव्यात.

काठी आणि जिना

काठी चांगल्या हातात धरावी. रोजचे जोडे घालून, हात खाली सोडून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे ती धरताना कोपर किंचित वाकलेले राहते. आधी काठी, मग अधू पाय, मग चांगला पाय, हा क्रम ठेवावा. टोकाचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले की तत्काळ बदलावे. चवडा घासत असेल तर घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याबद्दल किंवा साच्याबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारावे. बेताचा आधार योग्य वेळी मिळाला तर चालण्याचे अंतर आणि विश्वास दोन्ही वाढतात, आणि आधार घेणे हा कमीपणा मानून अनेक जण विनाकारण पडतात, याचे वाईट वाटते. शेजाऱ्याची जुनी काठी किंवा वॉकर मात्र मोजमाप न करता वापरू नये.

जिना चढताना चांगला पाय आधी वर जातो आणि उतरताना अधू पाय आधी खाली जातो. एकेका पायरीवर दोन्ही पाय आणावेत आणि कठडा चांगल्या हाताने धरावा. मदतनीस नेहमी खालच्या बाजूच्या पायरीवर, अधू बाजूकडे असावा. म्हणजे चढताना मागे आणि उतरताना पुढे. कठडा एकाच बाजूला असेल तर जाताना चांगल्या हाताशी असलेला तोच कठडा येताना अधू हाताकडे येतो, ही गोष्ट प्रत्यक्ष जिन्यावर पोहोचेपर्यंत लक्षातच येत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घ्यावा, नाहीतर उतरण्याची वेगळी पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

तोलाचा व्यायाम

पडू नये म्हणून बसवून ठेवणे हा घरच्यांचा प्रेमापोटी घेतलेला निर्णय असतो, पण तो उलटतो. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद जाते, घोटे आखडतात आणि तोल आणखी बिघडतो. मेंदूचा शाबूत भाग नवे काम शिकतो तो पुन्हा पुन्हा केलेल्या सरावातून, आणि ज्या कृतीचा सराव केला तीच कृती मुख्यतः सुधारते. त्यामुळे पलंगावर पडून पाय हलवण्याचे व्यायाम करून उभे राहण्याचा तोल आपोआप येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

सरावाची जागा अशी निवडावी की समोर भक्कम ओटा किंवा जड टेबल असेल, मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची असेल आणि अधू बाजूला एक माणूस असेल. आधी उठ-बस करावी. उंच आसनावरून सुरुवात करून, जमेल तसे आसन कमी उंचीचे घ्यावे. मग उभे राहून भार हळूहळू अधू पायावर न्यावा, तिथे काही क्षण थांबावे आणि परत यावे. हे जमू लागले की ओट्यावरची वस्तू हात लांबवून घेणे, चांगला पाय समोरच्या ठेंगण्या पायरीवर ठेवणे, बाजूला आणि मागे पाऊल टाकणे, दोन्ही पावले जवळ घेऊन उभे राहणे, आणि शेवटी एका पावलापुढे दुसरे ठेवून उभे राहणे, असे पुढे जावे. व्यायाम करताना शरीर थोडे डुलले पाहिजे. अजिबात न डुलता होणारी कृती आता सोपी झालेली असते आणि तिच्यातून नवे काही शिकायला मिळत नाही. प्रत्येक वेळी ओटा घट्ट पकडावा लागत असेल तर ती अजून अवघड आहे. दिवसातून थोडा थोडा वेळ, ताजेतवाने असताना केलेला सराव थकून केलेल्या लांबलचक सरावाहून चांगला.

घरात करायचे बदल

येथे फार खर्चाची गरज नसते. मोकळी सतरंजी, दाराजवळचे सरकणारे पायपुसणे आणि जमिनीवरच्या वायरी काढून टाकाव्यात. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद उजेड ठेवावा. सपाता किंवा मागून मोकळी चप्पल न वापरता टाच धरून ठेवणारी, न घसरणाऱ्या तळाची पादत्राणे घरातही घालावीत. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालू नयेत. न्हाणीघराला मात्र वेगळा विचार द्यावा. तिथे ओली फरशी, अरुंद जागा, वळणे आणि वाकणे हे सारे एकत्र येते. आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवावेत आणि ते चांगल्या हाताला पोहोचतील अशा जागी असावेत. टॉवेलच्या दांडीला आधार समजू नये. आंघोळ बसून करावी, साबण आणि पाणी बसल्या जागी हाताशी असावे, कमोड उंच करून घ्यावा आणि आतून कडी लावू नये.

मदत करणाऱ्याने कसे उभे राहावे

अधू बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि कंबरेभोवतीचा रुंद पट्टा धरावा. अधू हाताला धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे सर्वथा टाळावे, कारण सैल झालेला खांदा त्याने निखळू शकतो आणि ते दुखणे पुढे महिनोन्‌महिने व्यायामात अडथळा आणते. रुग्ण पडूच लागला तर त्याला झटक्याने थोपवून धरण्याचा प्रयत्न करू नये. जवळ ओढून, स्वतःचे गुडघे वाकवून, त्याला आपल्या पायावरून सावकाश जमिनीवर टेकवावे.

पडल्यानंतर

पहिली मिनिटे न हलता, दीर्घ श्वास घेत तपासणीसाठी द्यावीत. खुब्यात तीव्र वेदना, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे, मानेत वेदना, डोक्याला मार, नव्याने आलेली कमजोरी यांपैकी काही असेल तर उठवू नये. रुग्णवाहिका बोलवावी आणि अंगावर पांघरूण घालावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर काही त्रास नसला तरी रुग्णालयात जावेच, कारण कवटीच्या आतला रक्तस्राव कधी कधी उशिरा लक्षात येतो. नंतरच्या दिवसांत वाढती डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा किंवा गोंधळलेले बोलणे दिसले तरीही तसेच करावे.

इजा नसेल तर या क्रमाने उठावे:

१. चांगल्या कुशीवर वळावे आणि चांगल्या कोपरावर, मग तळहातावर भार देत एका अंगावर बसावे.

२. जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत सरकत जावे, किंवा मदतनिसाने खुर्ची समोर आणून धरावी.

३. चांगला हात खुर्चीच्या आसनावर टेकवून दोन्ही गुडघ्यांवर यावे आणि दम खावा.

४. चांगला पाय पुढे घेऊन पाऊल सपाट टेकवावे, हात आणि तोच पाय यांवर जोर देऊन वर यावे आणि वळून खुर्चीत बसावे.

हा क्रम पडण्याआधीच, गादी अंथरून, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावा. जो एकटा असतो त्याने फोन खिशात किंवा गळ्यात अडकवलेल्या पिशवीत ठेवावा, टेबलावर नव्हे, कारण जमिनीवर तासन्‌तास पडून राहिल्याने त्वचेवर दाबाच्या जखमा होतात, शरीरातले पाणी कमी होते आणि दबलेल्या स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो.

पडून गेल्यावर भीती उरते. ‘आता पुन्हा चालायचेच नाही’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला धीट हो म्हणून उपयोग नसतो. ज्या हालचालीत तो पडला तिचे लहान तुकडे करून, आधाराने, त्याच जागी पुन्हा करायला मदत करावी. न्हाणीघरात पडलेल्या माणसाने आधी कोरड्या फरशीवर, कपड्यांनिशी, दांडा धरून आत जाऊन बसून बाहेर यावे, आणि हे सहज होऊ लागल्यावर मग पाणी घ्यावे. घराबाहेरही असेच टप्पे ठेवावेत: आधी दारासमोरची सपाट जागा, मग खडबडीत रस्ता आणि उतार, मग गर्दी. झटक्याला वर्ष उलटून गेले असले तरी अशा सरावाने तोल सुधारू शकतो, म्हणून पडणे वाढले किंवा चालणे कमी झाले की फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा जावे आणि मोजमाप नव्याने करून घ्यावे.